सरपंचाने ‘निःस्वार्थ’ राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (टँकरचं गाव, मराठवाडा)

दुधनाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. जालना-परभणी सीमेवरचं गाव, लोकसंख्या २६०० च्या आसपास, सदस्य ९. थेट निवडणुकीत महिला राखीव जागेवर एक ताई सरपंच झाल्यात. पॅनेल तरुण आहे, हेतूबद्दल शंका नाही. पण प्रचारात ‘निःस्वार्थ सेवा’ इतक्यांदा झालं की आता टपरीवर लोक हसत विचारतात, ‘काय, सुरू झाली का सेवा?’

भाषण नको, कारभाराचं सांगा. तीन गोष्टींवर घोडं अडलंय.

एक, ताईंचे सख्खे दीर बांधकामाचे ठेकेदार आहेत. गावात दुसरा धड ठेकेदार नाही. त्यांना ग्रामपंचायतीचं काम द्यावं का?

दोन, जानेवारीनंतर गावाला टँकर लागतो. उन्हाळ्यात पाणी टिकणारी विहीर शिवारात एकच, आणि ती ताईंच्या घरची. तिचं पाणी गावाला कसं घ्यायचं?

तीन, पॅनेलमधले काही जण म्हणतात, मानधन घ्यायचंच नाही, तसं ग्रामसभेत जाहीर करायचं. बरोबर आहे का?

जुनी_रोकडवही

तिसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. मानधन घ्या. २०२४ च्या सप्टेंबरात ते दुप्पट झालं. तुमच्या लोकसंख्येच्या गावाला, म्हणजे २००० ते ८००० च्या गटात, सरपंचाला महिन्याला ८००० आणि उपसरपंचाला ३०००. पाच वर्षांचे ६० महिने धरले तर ४ लाख ८० हजार होतात. एवढ्या पैशात कोणी गब्बर होत नाही, पण पंचायत समितीच्या चकरा, पेट्रोल, झेरॉक्स हे तरी भागतं. तुम्ही मानधन सोडलंत की पुढच्या वेळी ‘आमचाही उमेदवार मानधन घेणार नाही’ अशी चढाओढ लागते आणि मजुरी करणारा माणूस त्या खुर्चीच्या बाहेर राहतो. मग उरतात ते ज्यांना मानधनाची गरज नाही, आणि त्यांना गरज का नाही हे गावाला माहीत असतं.

मानधनापेक्षा निवडणुकीचा खर्च बघा. ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत थेट सरपंचाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५० हजार होती, सदस्याला २५ हजार; २०२५ मध्ये ती वाढवली. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब सादर करावा लागतो. कागदावर तो मर्यादेत बसवतात, प्रत्यक्षात जेवणावळीच किती झाल्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठ-दहा लाख घातलेला माणूस मानधनातून ते कधीच वसूल करू शकत नाही. मग ते कुठून निघतात? कामातून. म्हणून पॅनेलने पहिल्याच महिन्यात आपापसात बसून खरा खर्च मांडावा आणि कोणाचं किती देणं आहे ते मिटवावं. ज्या ‘शुभचिंतकाने’ गाड्या पुरवल्या तोच सहा महिन्यांनी पेव्हर ब्लॉकचं कोटेशन घेऊन येतो.

आता दिरांचं. देऊ नका. कायद्याचं वकील मंडळी सांगतील, मी कागदाचं सांगतो. ई-निविदेच्या मर्यादेखालच्या कामांना तीन कोटेशनं मागवतात. ती बहुतेक ठिकाणी एकाच माणसाने आणलेली असतात. तीन वेगळ्या दुकानांचे लेटरहेड, पण अक्षर एकच, किंवा तिन्हींत ‘वाळू’ची वेलांटी एकसारखी चुकलेली. लेखापरीक्षणात पहिलं बोट तिथंच पडतं. दुसरी युक्ती म्हणजे कामाचे तुकडे. एकाच गल्लीचा रस्ता ‘मारुती मंदिर ते अमुक यांचे घर’ आणि ‘अमुक यांचे घर ते शाळा’ असा दोन कामांत तोडला की निविदा टळते. दिरांना काम द्यायचं ठरलं की या दोन्ही वाटांनी जावंच लागतं, कारण खुल्या निविदेत ते येतीलच याची खात्री कोणालाच नसते. तालुक्याहून ठेकेदार येतात. बिल वेळेवर निघतं आणि कोणी टक्का मागत नाही एवढं कळलं की आपणहून येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. डिजिटल सहीचा डोंगल! वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन निघतो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच अशा दोन डिजिटल सह्या लागतात. निम्म्या गावांत सरपंचाचा डोंगल पासवर्डच्या चिठ्ठीसकट संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. तुमच्याकडे महिला सरपंच, म्हणजे नोंदलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा असण्याची शक्यता जास्त. ओटीपी ज्याच्या हातात तोच सरपंच, हे लक्षात घ्या. नंबर ताईंचा टाका, डोंगल ताईंच्या कपाटात ठेवा. सही करण्याआधी त्यांनी तीन गोष्टी समोर मागाव्यात: मासिक सभेचा ठराव क्रमांक, अभियंत्याची मोजमाप पुस्तिका, बिल. तिन्हीतली रक्कम जुळली तरच सही.

विहिरीचं माझं मत साधं आहे. ताईंनी पाणी गावाला मोफत द्यावं, मोबदला घेऊ नये. विषय संपला.

कलम_चौदा

वरच्या प्रतिसादाला कायद्याची जोड देतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १४ ताईंनी स्वतः वाचावं, नवऱ्याकडून ऐकू नये.

पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. ठेकेदार नुसता नातेवाईक आहे एवढ्यावर अपात्रता लागत नाही, हितसंबंध दाखवावा लागतो. पण एकत्र कुटुंब, एकच रेशनकार्ड, दिराच्या खात्यातून ताईंच्या किंवा त्यांच्या नवऱ्याच्या खात्यात आलेली रक्कम, एवढं विरोधकाने गोळा केलं की बाजू अवघड होते. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे चालते, अपील विभागीय आयुक्तांकडे. वर्ष-दोन वर्षं तारखा. त्या काळात गावात दुसरं काही होत नाही, हा खरा तोटा.

याच कलमात आणखी दोन फास आहेत ज्यात चांगली माणसं अडकतात. पंचायतीची कराची मागणी बजावल्यापासून तीन महिन्यांत थकबाकी भरली नाही तर अपात्रता. निवडून आल्यावर ‘आता आपलीच ग्रामपंचायत’ म्हणून घरपट्टी ढकलली की गेलं. नऊच्या नऊ सदस्यांनी आधी आपली घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती घरात ठेवावी. दुसरं ज-३, शासकीय किंवा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अतिक्रमण मूळ सासऱ्याने केलेलं असलं तरी सदस्य त्या घरात कुटुंबासोबत राहत असेल तर अपात्रता लागते. गावठाणातल्या कोणाकोणाचा ओटा, गोठा रस्त्यावर आलाय ते आधी बघा. दुसऱ्याचं अतिक्रमण काढायची नोटीस नंतर.

नवऱ्याने खुर्चीत बसणं, ताईंच्या वतीने बैठक चालवणं, याविरुद्ध शासनाची परिपत्रकं आहेत. कलम ३९ खाली गैरवर्तनाची चौकशी होऊन सरपंच पदावरून जाऊ शकतो. म्हणजे नवरा मिरवतो आणि पद बायकोचं जातं.

ज्या विषयात घरच्या कोणाचा संबंध आहे तो विषय मासिक सभेत आला की सरपंचाने उपसरपंचाकडे अध्यक्षपद देऊन बाहेर जावं, आणि इतिवृत्तात तशी नोंद घ्यायला लावावी: ‘सरपंच यांचा विषयाशी संबंध असल्याने त्या चर्चेत व मतदानात सहभागी झाल्या नाहीत.’ एवढं एक वाक्य पुढे पाच वर्षं कामाला येतं.

मांजराकाठ

जुनी_रोकडवही यांच्या बाकी सगळ्याला पाठिंबा, पण विहिरीचा विषय असा एका ओळीत संपत नाही. ‘मोफत द्या’ हा सल्ला ऐकायला चांगला, पण वापरायला घातक आहे. मोफत दिलेलं पाणी मालकाच्या मर्जीवर असतं. कोणी ग्रामसभेत वाकडं बोललं की दुसऱ्या दिवशी ‘मोटार जळाली’. ताई असं करणार नाहीत, मान्य. पण विहिरीवर ताई नसतात, घरचे असतात. फुकट दिलेलं पाणी मागं घेता येतं, अधिग्रहणाच्या आदेशावर असलेलं नाही. आणि घेणाऱ्याच्या मानेवर उपकार बसतो तो वेगळाच.

म्हणून तहसीलदारांकडून रीतसर अधिग्रहण करून घ्या. आदेशात मुदत असते, ठरलेला दैनिक मोबदला असतो, आणि त्या काळात पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क गावाचा. मोबदला घ्यायचा नसेल तर तसं तहसीलदारांना लेखी कळवा, पण आदेश मात्र घ्याच. पंचायतीच्या ठरावात ‘सरपंचांची विहीर’ असं लिहू नका, गट नंबर, खोली, आजची पाणीपातळी लिहा. पातळी मोजताना भूजल सर्वेक्षणाचा किंवा पाणीपुरवठ्याचा माणूस हजर असला तर उत्तम. आणखी एक काम ठरावाआधी करा: पाचशे मीटर-किलोमीटरभरातल्या इतर सगळ्या विहिरी-बोअरची पाहणी करून ‘पाणी नाही’ असा पंचनामा करून ठेवा. नाहीतर मे महिन्यात कोणीतरी म्हणणारच, पलीकडच्या बोअरला पाणी होतं, पण मोबदला घरात यावा म्हणून स्वतःची विहीर दाखवली.

आता टँकर. टंचाई आराखडा तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून. तुमचं गाव जानेवारीत अडचणीत येत असेल तर दुसऱ्या टप्प्यात नाव असायलाच हवं, आणि त्यासाठी ठराव पावसाळा संपतानाच पंचायत समितीला जायला हवा. टँकर हा शेवटचा उपाय धरतात. आधी अधिग्रहण, हातपंपाची दुरुस्ती, विहिरीतला गाळ काढणं, तात्पुरती पूरक योजना हे बघून झालं का, असं संयुक्त पाहणीत विचारतात. उत्तर तयार ठेवा.

हिशोब असा. ग्रामीण भागात टँकरने माणशी रोज २० लिटर. २६०० गुणिले २० म्हणजे ५२,००० लिटर. १२,००० लिटरच्या टँकरने सव्वाचार खेपांच्या वर जातं, म्हणजे पाच खेपा मागायच्या. चारवर समाधान मानलंत तर रोज ४,००० लिटरची तूट, म्हणजे २०० माणसांचं पाणी. ती तूट कुठं पडते? पाइपाच्या शेवटी, तांड्यावर नाहीतर वेशीबाहेरच्या वस्तीत. वाड्यासमोर कधीच पडत नाही.

दुसरी गोम ऊसतोडीची. दिवाळीनंतर अर्धी वस्ती कारखान्यावर असते, तेव्हा खेपा पुरल्यासारख्या वाटतात. कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात लोक परततात, नेमकं विहिरी तळाला गेल्यावर. फेब्रुवारीतच परतणाऱ्या माणसांचा आकडा काढून वाढीव खेपांचा प्रस्ताव पाठवला नाही तर एप्रिलचे पंधरा दिवस भांडणात जातात.

चोरी कुठं होते ते सांगतो. टँकर पूर्ण भरलेला नसतो. वरचं झाकण उघडून बांबू घालून बघायचा, ओल कुठपर्यंत येते ते दिसतं. भरल्या टँकरची खूण बांबूवर पहिल्याच दिवशी करून ठेवा, तोच बांबू वर्षभर. दुसरं, पाचवी खेप फक्त कागदावर होते. जीपीएस असतं, पण ते गाडी फिरली एवढंच सांगतं, पाणी कुठं उतरलं ते नाही. म्हणून नोंदवहीत वेळ, किलोमीटर आणि त्या वस्तीतल्या दोन बायांच्या सह्या. सरपंचाच्या घरातली एकही सही नको, आणि दर पंधरवड्याला बाया बदला. आठवडाभराच्या सह्या आधीच करून ठेवायची सवय लागते, त्यामुळे मधूनच वही मागवून बघा. उद्याची सही आज दिसली तर त्या दिवशीच वही बदला.

तिसरं, टँकर आडात ओततात. पाझरणारा जुना आड असेल तर निम्मं पाणी जमिनीत जातं, शेजारच्या शेतातल्या बोअरला मात्र चांगलं होतं. तो बोअर कोणाचा हे बघितलं की आड कोणी निवडला ते कळतं. प्लास्टिकच्या टाक्या बसवा, त्यातून तोट्या काढा. ओतलेल्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १२,००० च्या टँकरला ६० ग्रॅम, अर्धा तास थांबून मग वाटप. पावडर उघड्या पोत्यात पडलेली असेल तर तिची ताकद गेलेली असते, म्हणून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करा.

वाटपाचा क्रम शेवटच्या वस्तीपासून. पहिली खेप तांड्यावर आणि दलित वस्तीत, सरपंचाची गल्ली शेवटी. ‘निःस्वार्थ’ शब्दाचा पुरावा मागायचा तर तो एवढा एक क्रम आहे, भिंतीवर लिहून टाका.

गोदातीर

थोडं विषयांतर, पण मराठवाड्यात हा शब्द निघाला की स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ ही नावं येतातच, म्हणून लिहितो. स्वामीजी हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते, १७ सप्टेंबर १९४८ नंतर सत्ता समोर होती, तरी मंत्रिपदाच्या मागे गेले नाहीत. लोकसभेत दोनदा निवडून गेले, १९५२ ला गुलबर्ग्यातून, १९५७ ला औरंगाबादेतून, पण ओळख राहिली ती संन्याशाची आणि हिप्परगा, अंबाजोगाईच्या शाळांत घडवलेल्या पोरांची. गोविंदभाई तर सत्तेच्या बाहेरच राहिले. मराठवाडा जनता विकास परिषदेतून रेल्वेचं रुंदीकरण, वैधानिक विकास मंडळं यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं, आकडेवारी, आंदोलनं. स्वतःसाठी काही मागितलं असं त्यांचा विरोधकही म्हणणार नाही.

पण याच गोविंदभाईंनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायला, म्हणजे नामांतराला, विरोध केला. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं मराठवाड्यात कोणी काय सोसलं ते सांगायला नको. तेव्हा माणूस निःस्वार्थी आहे म्हणून त्याचा प्रत्येक निर्णय बरोबर, असं धरून चालू नका. ताई चांगल्या आहेत म्हणून ग्रामसभेत त्यांना प्रश्न विचारायचा नाही, ही सवय पॅनेलने लावली तर दोन वर्षांत त्या चांगल्याच राहतील, पण त्यांना खरं सांगणारं कोणी उरणार नाही.

कोरम_अपूर्ण

ग्रामसभेचं निघालंच आहे तर. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल ती. तुमच्याकडे मतदार दोन हजारांच्या आत असतील, म्हणजे १०० च. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दुसऱ्या वेळी वीस जणांत घरकुलाची यादी मंजूर करायची, ही जुनी चाल. सूचना सात दिवस आधी द्यायची असते, पण ती लावतात फक्त कार्यालयाच्या फळ्यावर, तीही कुलपाच्या आत. दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका, सभा सकाळी ११ ला नको. ११ ला माणूस रानात असतो. महिलांची ग्रामसभा आदल्या दिवशी असते ती खरोखर घ्या, सह्यांची वही घरोघर फिरवू नका.

आणि एक कडू गोष्ट. घरपट्टी वसूल न करणं हाही स्वार्थच, मतांचा. ‘आपली माणसं, कशाला तगादा’ म्हणणारा सरपंच लोकप्रिय असतो आणि मोटारीचं बिल थकून नळ बंद पडतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात (बीडचं पाटोदा नव्हे) माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक गिरणीचं कौतुक करतात, पण त्याआधी कर वसूल करायला लागतो ते विसरतात.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. दिरांचा विषय मिटला, ते स्वतःच म्हणाले तालुक्यातली कामं पुष्कळ आहेत. एकच शंका. सिमेंट रस्ता बाहेरच्या ठेकेदाराने केला तर त्याच्यावर लक्ष कोणी आणि कसं ठेवायचं? आमच्यात अभियंता कोणी नाही. आणि वित्त आयोगाचा पैसा सगळा रस्त्याला लावता येतो का?

जुनी_रोकडवही

सगळा नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, रस्ता त्यातून. त्यातूनही पगार-मानधन देता येत नाही. आराखड्यात नसलेलं काम ऐनवेळी घुसवायचं तर ग्रामसभेचा ठराव आणि आराखड्यात बदल, दोन्ही लागतात.

रस्त्याला अभियंता लागत नाही, टेप लागतो. कामाच्या फलकावर लांबी-रुंदी असते, जाडी नसते. जाडी लिहायला लावा. अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर असेल तर कडेला फळी लावलेली असल्याने तिथं १५ दिसतं, मध्ये मुरूम उंच ठेवून १० भरतात. त्यामुळे माल टाकायच्या आधी दोन्ही फळ्यांवरून आडवी दोरी ताणा आणि मध्ये, दर दहा फुटांवर, दोरीपासून खाली मोजा. आकडे पाटीवर लिहून पाटीसकट फोटो काढा. माल पडल्यावर मोजता येत नाही, तेव्हा ठेकेदार रात्री किंवा बाजारच्या दिवशी माल टाकायला बघतो. तसं झालं तर बिलावर सही थांबवा आणि शाखा अभियंत्याकडून कोअर कापून जाडी बघायची लेखी मागणी करा.

पाणी मारणं ही दुसरी गोष्ट. निदान दोन आठवडे रस्ता ओला पाहिजे, वाफे करून पाणी साठवलं तर उत्तम. तुमच्या गावात उन्हाळ्यात पिण्यालाच पाणी नाही, म्हणून सिमेंटचं कोणतंही काम जानेवारीनंतर सुरू करू नका. मार्चअखेर निधी खर्ची टाकायच्या घाईत केलेले रस्ते दुसऱ्याच पावसात उकलतात, ते याच कारणाने. दिवाळीच्या आत ठराव, डिसेंबरात काम.